लाय तिकडे वर आहे

रीसलिंग द्राक्षाची काडी ओल्या दिवशीच वाकवायची. कोरड्या हवेत हात लावला तर कटकन मोडते आणि मग वर्षभर त्या वेलाकडे बघून जीव जळत राहतो. म्हणून मार्च उजाडला की एल्सनाखच्या बायका सकाळी उठल्याबरोबर आधी खिडकीबाहेर हात काढत. तळव्यावर भुरभुर जाणवली की कमरेला वाळुंजाच्या भिजवलेल्या फोकांची जुडी खोचायची आणि चढणीला लागायचं.

त्या सकाळी भुरभुर होती. लोनीने पाच महिन्यांच्या बुर्गीला पाजलं, लोकरीच्या शालीत घट्ट गुंडाळलं आणि पाठीवरच्या टोपलीत गवताच्या गादीवर बसवलं. सुगीला याच टोपलीतून द्राक्षं खाली यायची. हिवाळ्यात याच टोपलीतून पावसाने खाली वाहून आलेले दगड पुन्हा वर जायचे. आता त्यात बुर्गी होती, टोपडं नाकापर्यंत ओढलेलं, आणि टोपलीच्या काठाची चव बघत होती.

"आज कशाला जातेस?" सासऱ्यांनी चुलीपाशी बसल्याबसल्या विचारलं. योस्ट हाउट त्यांचं नाव, पण बुर्गी जन्मल्यापासून सगळं घर त्यांना ओपा, आजोबा, असंच म्हणत होतं. "पोरीला सर्दी होईल."

"काड्या राहिल्यात, ओपा. निम्म्या तशाच उभ्या आहेत."

"उद्या जा."

"उद्या ऊन पडलं तर?"

"मग परवा जा."

लोनीने त्यांच्याकडे बघितलं. हा माणूस सहा वर्षांत एकदाही, काम परवावर टाक, असं म्हणाला नव्हता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला याच माणसाने दारावर थाप मारून तिला छाटणीची कात्री दिली होती. पण नवरा आल्विन मालवाहू बोटीवर, महिन्यातून दोनदा घरी येणार. ओपांचे गुडघे गेलेले. काड्या कोण वाकवणार? ती निघाली.

पुलाकडे जाणारी वाट सपाटीतून जायची. सपाटी म्हणजे मोझेल नदीने वळणाच्या आतल्या बाजूला आणून टाकलेला गाळ. तिथे पूर्वी बटाटे आणि गुरांचं बीट निघे. गेल्या दहा वर्षांत लोकांनी म्युलरचे वेल लावले होते. म्युलर द्राक्ष लवकर पिकतं, भरघोस लागतं, कशाची तक्रार करत नाही. त्याची वाइन पहिल्या उन्हाळ्यात थंड करून प्यायला बरी. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत ठेवली की त्यात सांगण्यासारखं काही उरत नाही.

सपाटीतली माती पिवळट. पावसात बुटांना लोण्यासारखी चिकटणारी. पण त्या दिवशी पाय पडला आणि खाली करकरलं. लोनीने खाली बघितलं. वेलांच्या ओळींमधली जमीन काळी झाली होती. इथून पार पोप्लरच्या झाडांपर्यंत सगळीकडे पाटीच्या दगडाचे तुकडे पसरलेले, ओले होऊन चकाकणारे.

तिने वाकून एक उचलला. पावबोट जाड, गुळगुळीत, निळा-काळा. एक कड गोल कापलेली. आणि वरच्या टोकाला एक बारकं चौकोनी भोक, कडेला गंजाची तांबूस खूण.

कड्यावरचा दगड तिला पाठ होता. तो करडा, तांबूस झाक असलेला, हातात दाबला तर पापडासारखा भुगा होणारा. बारा वर्षांची असल्यापासून तिने तो पाठीवरून वर नेला होता. हा त्यातला नव्हता. तिने तुकडा ॲप्रनच्या खिशात टाकला आणि पूल ओलांडला.

पलीकडे कडा सुरू व्हायचा. श्वाल्बेनलाय, पाकोळ्यांचा कडा. गावात सगळे नुसतं 'लाय' म्हणत. नदीने वळणाच्या बाहेरच्या अंगाला डोंगर असा कापून काढला होता की खालून बघणाऱ्याची टोपी पडावी. तोंड थेट दक्षिणेला. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत ऊन वरूनही पडे आणि नदीच्या पाण्यावरून उलटूनही येई. दगड दिवसभर तापे आणि सूर्य गेल्यावर ती ऊब वेलांना थोडी थोडी परत देई. एवढ्या थंड मुलखात, जिथे मे महिन्यातही कळ्या गोठून काळ्या पडतात, तिथे रीसलिंगसारखं उशिरा पिकणारं लाडावलेलं द्राक्ष नोव्हेंबरपर्यंत तग धरून पिकतं, ते याच एका कारणाने. लाय होती साडेतीन हेक्टर. त्यातले नऊशे वेल लोनीचे. आईकडून आलेले.

"उशीर केलास," वरून ट्रीनामावशीने हाक दिली. साठीची बाई, शेजारच्या पट्ट्यात एका पायावर तोल सांभाळून काडी वाकवत होती. काडी वळवून हृदयासारखा आकार करायचा, टोक खाली खुंटाला फोकाने बांधायचं. मावशीचे हात बघावेत तर यंत्र, आणि तोंड त्याहून जोरात चालणारं. "मला वाटलं सासऱ्याने आज तुला बांधून ठेवलं."

"जवळजवळ तसंच. परवा जा म्हणत होते." लोनीने टोपली दगडी बांधाच्या आडोशाला ठेवली आणि खिशातला तुकडा काढला. "मावशी, हा बघ. सपाटीत सगळीकडे टाकलाय."

मावशीने तुकडा घेतला, भोकातून आभाळाकडे बघितलं आणि खुदकन हसली. "अगं, हा तर आपल्या चर्चचा! गेल्या उन्हाळ्यात जुनं छप्पर उतरवलं नाही का? तुझ्या पाटने सगळ्या फुटक्या पाट्या फुकट हलवून दिल्या. पाद्रीबाबांनी प्रवचनात नाव घेतलं त्याचं. मी तेव्हाच म्हटलं, एगॉन फोल्मर आणि फुकट? कुठेतरी पाणी मुरतंय."

पाट म्हणजे बाप्तिस्म्याला मांडीवर घेणारा. एगॉन फोल्मरने लोनीला मांडीवर घेतलं होतं. दरवर्षी नाताळात तिला चांदीचा चमचा दिला होता, बारा झाल्यावर थांबला. बाप वारल्यावर लग्नात तिचा हात धरून तोच चालला होता. तो बागायतदार मंडळाचा अध्यक्ष होता आणि सपाटीतली निम्मी म्युलर त्याची होती.

"पण शेतात कशाला टाकायच्या?"

मावशीचं हसू मावळलं. तिने हनुवटीने खाली नदीपलीकडे दाखवलं. सपाटीच्या मधोमध सहा-सात काळ्या छत्र्या उगवल्या होत्या. एका छत्रीखाली भलामोठा नकाशा उलगडलेला दिसत होता.

"नावांचा साहेब आलाय," मावशी म्हणाली. "आणि पाहणी मुद्दाम ओल्या दिवशी ठेवली. सगळ्या बायका वर, काड्यांत अडकलेल्या."

लोनीच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसली. राजधानीत नवा कायदा झाला होता. पाच हेक्टरांहून लहान बागेचं नाव यापुढे बाटलीवर लिहायचं नाही, लहान नावं मोठ्यांत मिसळायची. लायला दीड हेक्टर कमी पडत होतं. फोल्मर हिवाळाभर सांगत होता, "लायचं मी बघतो. नाव जाऊ देणार नाही." आणि लोक त्याचे हात हातात घेत होते. लोनीनेही घेतले होते.

"नाव वाचवतोय म्हणाला होता," ती म्हणाली. "नाव सपाटीवर पांघरतोय."

"सपाटीवर? बावीस हेक्टर आहे ती."

"साडेतीनाचं नाव बावीसांना." लोनीने कमरेची जुडी सोडून बांधावर आपटली. "म्युलरला! नदीपलीकडच्या बटाट्याच्या रानाला!"

"ओरडून उपयोग नाही, मी बहिरी नाही. खाली जाऊन ओरड."

लोनीने टोपली पाठीला लावली. ज्या पायऱ्या एरवी ती जपून उतरे, त्या त्या दिवशी दोन-दोन उतरली. बुर्गीला हा खेळ वाटला. पाठीमागून तिच्या खिदळण्याचा आवाज येत होता आणि लोनीच्या तोंडून एकेक शब्द निघत होता, जो बुर्गीने अजून काही वर्षं ऐकू नये असा.

पुलावर तिला आईची आठवण झाली. आईच्या खांद्यांवर टोपलीच्या पट्ट्यांचे दोन वळ होते, शेवटपर्यंत गेले नाहीत. लोनी पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत ती दगड वर नेत होती. आणि आता छपरावरून उतरवून, गाडीत भरून, सपाटीत फेकले की तीही लाय.

छत्र्यांच्या घोळक्यात मंडळाचे चौघं होते, ग्रामकचेरीचा कारकून होता, आणि मधोमध एक तरुण, गोरागोमटा माणूस, पायात शहरी बूट, चिखलाने घोट्यापर्यंत माखलेले. तो डॉक्टर ओस्टहोफ, तालुक्याच्या शहरातून आलेला. त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते ओपा.

लोनी थबकली. परवा जा, याचा अर्थ तिला आता कळला. ओपांनी तिच्याकडे बघितलं आणि छत्री उगाचच सरळ केली.

"अगं लोनी!" फोल्मर दोन्ही हात पसरून पुढे आला. उंच, लालबुंद, टोपीत रानकोंबड्याचं पीस. "पोरीला घेऊन पावसात? डॉक्टरसाहेब, ही माझी धर्मकन्या. लायवरची सगळ्यात चांगली रीसलिंग हिची."

"पाट, हे काय आहे?" तिने तुकडा त्याच्या नाकासमोर धरला.

"दगड."

"कसला?"

"पाटीचा. डोळे आहेत ना तुला?"

"मग हा जमिनीतून खिळ्याचं भोक घेऊनच उगवला का?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यात लपवलं. फोल्मरचे कान लाल झाले, पण तो मागे हटणारा नव्हता. "हे बघ. ही पाटी खाणीत होती, खाण डोंगरात. डोंगरातून छपरावर गेली, छपरावरून शेतात आली. देवाच्या घरावर दोनशे वर्षं चालली, ती तुला चालत नाही?"

"छपरावर खुशाल चालू दे. छपरावर मी द्राक्षं लावली नव्हती."

"लोनी, इथे मोठी माणसं कामात आहेत."

"हो ना. म्हणूनच आले. साहेब, ही लाय नाही. लाय ती तिकडे." तिने नदीपलीकडे बोट केलं. भुरभुरीत कडा उभा होता, ओला, तांबूस-करडा, आणि त्यावर ठिपक्यांसारख्या बायका. "इथे पाटीचा दगड कधीच नव्हता. खणून बघा. वीतभर खाली पिवळा गाळ लागेल. वर टाकलाय तो चर्चच्या छपराचा कचरा आहे, तुम्हाला फसवायला."

आता होणार, असं तिला वाटलं. आता हा माणूस वाकेल, दगड हातात घेईल, फोल्मरकडे बघेल. सगळ्यांनाच तसं वाटलं असावं. कारकूनसुद्धा दोन पावलं मागे सरला.

डॉक्टर ओस्टहोफने तुकडा घेतला, उलटा-सुलटा केला आणि तिला परत दिला. "बाई, दगडाचा रकानाच नाही माझ्या अर्जात."

"म्हणजे?"

"नाव, क्षेत्र, हद्द, मंडळाची शिफारस. एवढंच. क्षेत्र पाच हेक्टरांवर पाहिजे, हद्द सलग पाहिजे. नदीला आम्ही खंड मानत नाही. खाली काय आहे, दगड आहे की वाळू, ते कायदा विचारत नाही."

फोल्मरचं तोंड उघडंच राहिलं. "तुम्ही माती बघणार नव्हता?"

"मी कायद्याचा डॉक्टर आहे, फोल्मरसाहेब. मातीचा नाही."

 तेवढ्यात ओपा, हातात साहेबाची छत्री, अगदी कळवळून बोलून गेले, "मग मी अठरा खेपा कशाला मारल्या?"

लोनी हळूच वळली. आल्विन बोटीवर, ती बाळंतपणातून उठलेली, आणि दुपारी दुपारी ओपा ट्रॅक्टर घेऊन कुठे जातात म्हणून विचारलं तर, "फोल्मरला थोडी मदत," असं उत्तर मिळायचं. अठरा दुपारी.

तिला आधी रडू येईल असं वाटलं, पण आला तो संताप, आणि तो नेमका कुणावर काढावा ते तिला कळेना. फोल्मर चोर होता, पण आपण काय चोरतोय ते त्याला पक्कं माहीत होतं. लाय म्हणजे दगड, ही गोष्ट त्याच्या रक्तात होती, म्हणून तर त्याने लाज झाकायला दगडच आणून पसरले. आणि हा शहरी बुटांचा माणूस, नाव वाटायला आला होता आणि काय वाटतोय याची त्याला फिकीर नव्हती.

"तुम्ही कधी लाय प्यायलात का, साहेब?" तिने विचारलं.

"मी बिअर पितो," तो म्हणाला, थोडा शरमून. माणूस वाईट नव्हता, तेच जास्त झोंबलं.

"मग ऐका. लायच्या पूर्वेला ओढ्यापर्यंत दगडी बांधांच्या जुन्या पायऱ्या आहेत. दोन हेक्टर. लढाईपासून पडून, काटेरी झुडपं माजलीत. तोच दगड, तेच ऊन. कागदोपत्री अजून द्राक्षबागच आहे. ते धरा. साडेतीन आणि दोन, साडेपाच. नाव राहतं आणि खोटंही होत नाही."

डॉक्टर ओस्टहोफने नकाशा फिरवला. बोटाने मोजलं. "धरता येईल. मालक किती?"

"अकरा," कारकुनाने चोरट्या आवाजात सांगितलं.

"सगळ्यांच्या सह्या एप्रिलअखेरपर्यंत द्या. नाहीतर मंडळाची शिफारस कायम."

घरी ओपा तिच्याआधी पोचले होते. त्यांनी बटाटे सोलून ठेवले होते, जे ते कधी करत नसत.

"बोल," ते म्हणाले. "बोलून टाक."

"तुम्हाला माहीत होतं."

"माझे दोन तुकडे आहेत सपाटीत. म्युलर लावली आणि वर लाय लिहिलं तर बुर्गीला पाठीवर टोपली घ्यावी लागणार नाही. माझी बायको गेली त्या पायऱ्यांवर, तुझी आई गेली. किती बायका खाणार आहे तो कडा?"

 बुर्गीला टोपलीतून काढून तिने पाजायला घेतलं. 

"टोपली नको असेल तर नको घेऊ दे तिला," ती म्हणाली. "शहरात जाऊ दे, शिकू दे, बिअर पिऊ दे. पण आजोबांनी दिलं काय, असं कुणी विचारलं तर तिने काय सांगायचं? छपराचा कचरा आणि आईचं चोरलेलं नाव?"

ओपा बटाटे सोलत राहिले. नंतर उठून त्यांनी गाळलेलं दूध तापवलं, तिच्यासाठी.

एप्रिलभर लोनी बुर्गीला झोपवायची आणि पत्रं लिहायची. बुर्गी दुपारी पाऊण तास झोपे, कधी कमी. अर्धं वाक्य लिहून उठावं लागे. पूर्वेच्या पायऱ्यांचे मालक कुठे कुठे पांगले होते. एक ट्रिअरला न्हावी, एक कोलोनजवळ नन झालेली, एक पार अमेरिकेत, मिलवॉकीला. ननने सहीबरोबर पवित्र चित्रही पाठवलं, मागे लिहिलेलं, तिथली द्राक्षं अजून स्वप्नात येतात. मिलवॉकीचं पत्र सगळ्यात उशिरा आलं, पण आलं. दहा सह्या झाल्या. अकरावा पट्टा फोल्मरने दहा वर्षांपूर्वी कवडीमोलाने घेऊन ठेवला होता.

ती त्याच्या घरी गेली. फोल्मरबाईंनी कांद्याचा केक पुढे ठेवला, आणि तिच्याकडे न बघता आत निघून गेल्या.

"काट्यांशी माझं भांडण नाही," फोल्मर म्हणाला. "काटे धरले की नाव साडेपाचावर थांबतं. सपाटी बाहेर. चाळीस घरांच्या तोंडचा घास मी काढू?"

"आमच्या पाठीवरून वर गेलेलं काढताय, ते चालतं?"

"लोनी, तू बायकांसारखं बोलतेस."

"मग कुणासारखं बोलू? वर कोण असतं ओल्या दिवशी? तुम्ही?"

त्याने केकचा तुकडा तिच्याकडे सरकवला. तिने सही न झालेला कागद घडी करून खिशात ठेवला, ताटली तशीच सोडली आणि उठली. दारात तो म्हणाला, "अगं, जगात कुणाला कळणार आहे? बाटलीवरचं नाव लोक वाचतात. कडा कोण बघायला येतो?"

जुलैमध्ये छापील यादी आली. श्वाल्बेनलाय, साडेपंचवीस हेक्टर. ग्रामकचेरीच्या फळ्यावर लोक बोट ठेवून वाचत होते. दोन-तीन जणांनी लोनीचं अभिनंदनही केलं. तुझं नाव मोठं झालं म्हणाले.

आधीच्या सालची वाइन जुन्या कायद्यातली. बुर्गी सुगीच्या ऐन भरात जन्मली होती, आणि तीन आठवड्यांनी लोनीने शेवटचे घड स्वतः खुडले होते, हातांना भेगा पडलेल्या, छाती दुधाने दुखत असताना. त्या एकशेवीस बाटल्यांवर तिने लाय लिहिलं. त्या बुर्गीच्या. त्यांना कुणी हात लावायचा नाही, असं ओपांना बजावलं. पण यंदाच्या सुगीपासून लाय लिहिलं म्हणजे सपाटीच्या रांगेत जाऊन उभं राहायचं.

शहरातल्या छापखान्यातून माणूस नमुने घेऊन आला. फोल्मरचं लेबल त्याने कौतुकाने दाखवलं, मोठ्या अक्षरांत श्वाल्बेनलाय, वर उडत्या पाकोळ्या. "तुमच्यासाठीही पाकोळ्या टाकू?"

"नको. गावाचं नाव, रीसलिंग, आमचं नाव. बस."

"पण बाई, तुमची बाग तर खरीच लायवर आहे!"

"म्हणूनच."

त्याला कळलं नाही. ओपांना कळलं. ते दाराशी उभे राहून ऐकत होते.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात घरातली वाइन घरात बसवून विकायचे दिवस आले. दारावर हिरवी डहाळी लावली की वाटसरूंना समजतं, इथे बाकावर बसायला आणि प्यायला मिळेल. लोनीने डहाळी बांधली आणि तिच्या शेजारी, त्याच खिळ्याला, तो चर्चचा दगड त्याच्या भोकातून अडकवला. भोक जणू त्यासाठीच पाडलं होतं. खडूने वर लिहिलं, 'लाय तिकडे वर आहे', आणि नदीपलीकडे दाखवणारा बाण काढला.

पहिल्याच रविवारी कोलोनचं एक जोडपं आलं. त्यांच्या पिशवीत दुकानातून घेतलेली फोल्मरची बाटली होती. नवरा पाटी वाचून बाटलीकडे बघे, बाटली बघून पाटीकडे. मग बाहेर जाऊन कड्याकडे बघत उभा राहिला, टोपी हातात धरून. आत येऊन त्याने बाटली पिशवीच्या तळाशी घातली आणि विचारलं, "तुमच्याकडे तिकडचं काही मिळेल?"

फोल्मर चौथ्या दिवशी आला. दाराबाहेर थांबला, पाटी वाचली. "हे पुसून टाक."

"का? खोटं लिहिलंय का काही?"

"लोक हसतात."

"हसू देत, पाट. तुमच्या शेतात अजून अठरा खेपा पडल्यात, मला एकच तुकडा मिळाला."

तो आत आला नाही. पण गेल्यावर तिच्या लक्षात आलं, तोही जाताना वर बघून गेला होता.

पुसायचं काम मात्र दव रोज करत होतं. सकाळी उठावं तर खडू ओघळून गेलेला. लोनी रोज नव्याने लिहायची, एका कडेवर बुर्गी, जिला खडू खायचा असायचा. एका सकाळी बुर्गी रात्रभर रडलेली, लोनीला जाग यायला उशीर झाला. ती घाईघाईने खडू घेऊन दाराशी आली.

ओपा शिडीवर बसले होते, दुखरे गुडघे दोन्ही बाजूंना फाकून. पाटी खाली काढून मांडीवर घेतली होती. हातात एक जुना चौकोनी खिळा होता, छपराचाच असावा, आणि ते जीभ दातांत धरून एकेक अक्षर दगडात कोरत होते. 'वर' झालं होतं. 'आहे' राहिलं होतं.

"ओपा, काय करताय?"

"दिसत नाही का?" त्यांनी मान वर न करता फुंकर मारली. पांढरी भुकटी त्यांच्या मिशीवर बसली. "रोज रोज काय लिहीत बसतेस. वेलांचं बघ तू."

लोनीने खडू खिशात टाकला. बुर्गीने हात पुढे केला, आणि ओपांनी खिळा तिच्या आवाक्याबाहेर धरून तिला मिशी ओढू दिली.